काळी दोन

सलाईनची सुई हातावर चिकटवायला आम्ही जी पांढरी टेप वापरतो, तिचे बारीक बारीक तुकडे कापून मी माझ्या व्हायोलिनच्या मानेवर लावले होते. नर्सच्या घरात दुसरं काय सापडणार? संध्याकाळी माझे यजमान पेटी काढून बसायचे, एकेक पट्टी दाबून धरायचे आणि मी तारेवर बोट पुढेमागे सरकवत तोच सूर शोधायचे. सापडला की लगेच टेप. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन असं करत करत अख्खी पेटी आम्ही व्हायोलिनवर चढवली. हे खूश, मी खूश. आता चुकायला जागाच उरली नाही असं आम्हाला वाटलं.

हे गणिताचे शिक्षक. सुप्याच्या जवळच आमचं गाव, तिथल्याच हायस्कुलात शिकवतात. मी आरोग्य केंद्रात नोकरीला. व्हायोलिन खरं तर लेकीचं. तिनं ते हट्टानं घ्यायला लावलं, थोडे दिवस कुईकुई केली आणि दहावीचं नाव पुढे करून कपाटावर टाकलं. ती पुण्याला शिकायला गेल्यावर मी एकदा कपाट झाडत होते, तेव्हा हे म्हणाले, "देऊन टाक कुणाला तरी." मला राग आला. राग मला तसा पटकन येतो, केंद्रातल्या डॉक्टरांनाही ते माहीत आहे. मी म्हटलं, "कुणाला कशाला? मी शिकते." हे हसले. हसले नसते तर कदाचित मी ते दिलंही असतं.

शिकवणारे सर नगरला होते. बस आता अहिल्यानगरची पाटी लावून येते आणि कंडक्टर दारात उभा राहून "नगर, नगर" ओरडतो. माळीवाड्याला उतरायचं आणि चालत मिशनच्या जुन्या कंपाउंडमागच्या गल्लीत जायचं. सर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, चर्चच्या गायकवृंदात तरुणपणापासून व्हायोलिन वाजवणारे. रविवारची उपासना आटोपून, जेवून, कडक इस्त्रीच्या शर्टातच ते शिकवायला बसायचे. मला सिस्टर म्हणायचे. माझ्या व्हायोलिनवरचे टेपचे तुकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "सिस्टर, हिला लागलंय कुठे?"

टेप काढायला मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "असू देत. तुमच्या तुम्हीच काढाल."

सर पाच रेघांवर टिपके मांडून लिहिलेलं संगीत शिकवायचे. आमच्या घरात पेटीची भाषा. सरांचा डी म्हणजे आमची पांढरी दोन, ई म्हणजे पांढरी तीन आणि दोघांच्या मधे असते ती काळी दोन. एवढं भाषांतर मी चटकन करायला लागले होते. मग एका रविवारी सरांनी एक सोपा पाठ समोर ठेवला. पहिल्या ओळीत डीवरून मधली एक पायरी चढून ईवर जायचं, दुसऱ्या ओळीत ईवरून तीच पायरी उतरून डीवर यायचं. वर जाताना मधल्या पायरीवर लिहिलं होतं डी शार्प, म्हणजे चढवलेला डी. खाली येताना त्याच पायरीवर लिहिलं होतं ई फ्लॅट, म्हणजे उतरवलेला ई.

मी म्हटलं, "सर, छापणाऱ्यानं चूक केलीय. दोन्ही ठिकाणी काळी दोनच आहे."

"चूक नाही."

"मग दोन नावं कशाला? उगाच पोरांना घाबरवायला?"

सर वाद घालणारे नव्हतेच, आणि भांडखोर माणसाला याचा भारी त्रास होतो. त्यांनी नुसतं विचारलं, "वर जाताना कोणत्या बोटानं घेतलात?" मी पाहिलं. डी तिसऱ्या बोटाचा, त्यामुळे तेच बोट पुढे सरकवून मी डी शार्प घेतला होता. "आणि खाली येताना?" ई करंगळीचा. खाली येताना मी करंगळीच मागे ओढली होती. सूर एकच आहे असं तोंडानं म्हणत होते आणि हात मात्र दोन वेगळी बोटं वापरत होता.

"आता टेपकडे बघू नका," सर म्हणाले. "डोळे मिटा. वर जाताना शेवटी ई येणार आहे हे मनात धरा, आणि उतरताना शेवटी डी."

मी डोळे मिटून वाजवलं. पुन्हा पुन्हा वाजवलं. चढताना तिसरं बोट आपोआप ईच्या अगदी जवळ जाऊन उभं राहत होतं. उतरताना करंगळी डीकडे झुकत होती. सरांनी मला दोन्ही जागी थांबायला लावलं आणि डोळे उघडायला सांगितलं. एकदा बोट टेपच्या जरासं पुढे होतं, एकदा जरासं मागे. टेपवर दोन्ही वेळा नव्हतं. फरक तांदळाच्या कणीएवढा, पण तो कानाला कळत होता. आतापर्यंत तो मला कसा कळला नाही याचंच नवल वाटलं.

"पियानोवर दोघांना मिळून एकच जागा आहे," सर म्हणाले. "पेटीवरही तसंच. तिथं इलाज नाही, म्हणून दोघं दाटीवाटीनं राहतात. तारेवर ज्याची त्याची जागा असते. कुठून निघालाय आणि कुठं चाललाय ते नाव सांगतं, बाकीचं कान बघतो."

घरी जाताना बसमध्ये मी नखानं ती काळी दोनची टेप काढून टाकली.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी ऐकूनच घेतलं नाही. हे म्हणाले, "नाव बदलल्यानं काय होतंय? नगरचं अहिल्यानगर झालं, म्हणून माळीवाड्याचा स्टँड जागचा हलला का? मी वर्गात सर असतो, घरात पप्पा असतो, माणूस तोच ना?"

"वर्गातला तुमचा आवाज घरी नसतो," मी म्हटलं.

त्यावर हे फक्त मिशीतल्या मिशीत हसले. तोवर हे सगळं गमतीतच चाललं होतं.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या वस्तीची गायन पार्टी आहे. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या लग्नाला, कुणी गेल्यावर त्याच्या जलदानाला पार्टी गाते. पेटीवर हे असायचे आणि पुढे बसून गायच्या त्या सासूबाई. आवाज जाड, दमदार, माईकला लाजवणारा. स्वभाव माझ्यासारखाच तिखट. त्यामुळे आमचं सुरुवातीला पटायचं नाही आणि नंतर फार पटायला लागलं. त्यांचं स्वतःचं एक गाणं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यांनीच जुळवलेलं, चालही त्यांचीच. लेकरू सावलीला निजवून आई दगड फोडते आणि हातोडीच्या तालावर त्याला गोष्ट सांगते, असं काहीसं ते गाणं. सावलीतलं ते लेकरू म्हणजे आमचे हे. प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट त्या याच गाण्यानं करायच्या आणि 'लेकरा' म्हणताना आवाज असा काही खाली टेकवायच्या की बायका पदर डोळ्याला लावायच्या.

त्या गेल्या तेव्हा हे रडले नाहीत. सगळं रीतसर केलं, आल्यागेल्याची व्यवस्था पाहिली, नंतर शाळेत जायला लागले. पेटीला मात्र खोळ घातली. माझ्या सरावापुरती काढायचे, पण पार्टीत गेले नाहीत. आईचा विषय निघाला की उठून पाण्याची मोटार चालू करायचे, नाहीतर मोबाईल बघत बसायचे. मी नोकरीत माणसं दगावताना पाहते, त्यांच्या घरच्यांनाही पाहते. न रडलेलं माणूस मला कळतं. पण आपल्याच घरातल्या माणसाला औषध कुठलं द्यायचं हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नसतं.

वर्ष होत आलं. विहारात पुण्यस्मरणाचा कार्यक्रम ठरला. पार्टीतल्या बायका म्हणाल्या, बाकी सगळी गाणी म्हणू, पण तिचं गाणं आमच्याच्यानं होणार नाही. सासूबाईंच्या जोडीनं जन्मभर गायलेली एक मावशी आहे, तिनं तर हातच जोडले. "मी म्हनायला लागले का तिचाच आवाज कानात येतो आन् माजा बंद पडतो. मला न्हाई जमायचं."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू वाजव. शब्द नसले तरी लोकांना माहीत आहेत."

मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. त्या गाण्याच्या निमित्तानं हे आईच्या जवळ जातील, अशी मला आशा वाटली. कार्यक्रम चांगला होतो की वाईट याची मला फारशी फिकीर नव्हती. हे गाणं ह्यांच्या कानात एकदा नीट जायला हवं होतं.

सरावाला बसलो. सासूबाई पांढरी दोनमधून गायच्या, म्हणजे सा तिथं. मग 'लेकरा'वर येणारा सूर त्याच्या लगेच वरचा कोमल रे. पुन्हा तीच काळी दोन. आणि तो रे कुठे चढत नाही, तो सावर येऊन बसण्यासाठीच असतो. माझी करंगळी मागे ओढली गेली आणि सावलीत निजलेल्या पोराकडे वाकावं तसा तो सूर खाली वाकला. मला तो बरोबर वाटला. सासूबाई तिथंच टेकायच्या.

पण त्याच क्षणी ह्यांची पेटी तिथंच थोड्या वरच्या जागी वाजत होती. दोन्ही सूर एकमेकांना घासले आणि अशी कुरकुर उठली की बाहेर बांधलेल्या शेळीनंसुद्धा मान वर केली.

"उतरतंय तुझं," हे म्हणाले.

"माझं बरोबर आहे. तुमची पेटी वर आहे."

"पेटी वर कशी असेल? पेटी ट्यून करून आणलीय. नाचता येईना अंगण वाकडं."

मग मात्र ठिणगी पडली. मी म्हटलं, "आई इथंच म्हणायच्या." हे म्हणाले, "आईला जन्मभर मी साथ केलीय, तू नाही." मी म्हटलं, "साथ केलीत, पण ऐकलंत का?" हे शब्द तोंडातून निघाले आणि ह्यांचा चेहरा उतरला. पेटीचा भाता बंद करून हे बाहेर गेले.

पुढच्या रविवारी सरांपुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. सरांनी मला वाजवायला लावलं. "सूर गोड आहे," म्हणाले. मी खूश होऊन म्हटलं, "म्हणजे माझंच खरं ना?" तर ते म्हणाले, "एकटं वाजवताना. शेजारी पेटी असली तर तुम्हालाच सरकावं लागणार. पेटीला बोट सरकवता येत नाही, तुम्हाला येतं."

मला ते मुळीच आवडलं नाही. ज्याला सरकता येतं त्यानंच नेहमी सरकायचं, हा कुठला न्याय? बायकांना हा न्याय लहानपणापासून पाठ असतो. "मग आईंचा सूर?" मी विचारलं. सर म्हणाले, "कुठे टिपलेला असेल तर ऐका."

सासूबाईंचं एक रेकॉर्डिंग मोबाईलवर होतं. कुणीतरी कार्यक्रमात केलेलं, ह्यांनाही पाठवलेलं. ह्यांनी ते कधी उघडलं नव्हतं. मी परतीच्या बसमध्ये कानात घालून ऐकलं. मोबाईल पेटीच्या शेजारीच ठेवला असावा. पेटी खणखणीत येत होती आणि तिच्यामागून, लांबून, सासूबाई. 'लेकरा' आलं की पेटी आणखीच जोरात. हे रंगात आले की भाता जोरात मारतात, तसा मारला असणार. सासूबाई तिथं नक्की कुठे टेकल्या ते काही केल्या कळेना. वाद मिटवायला बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारची बाई विचारायला लागली, "ताई, काय दुखतंय का?"

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "ऐका एकदा." हे म्हणाले, "नको." हात पुढे केला नाही की रागही केला नाही, नुसतं "नको" म्हणाले. मग मी हट्ट सोडला. मनाशी म्हटलं, जाऊ दे. पुण्यस्मरण ह्यांच्या आईचं आहे, माझ्या कानांच्या परीक्षेचं नाही. दुधाची तहान ताकावर भागवू. "तुमच्या पट्टीवर घेते," मी सांगितलं, आणि हे मान हलवून पेटीपुढे बसले. मी करंगळी जराशी पुढे नेली. कुरकुर थांबली. दोन्ही सूर गुळगुळीत जुळले. गाणं सरळ चाललं, पण आम्हा दोघांच्याही काळजाला ते लागलं नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी विहार भरून गेला होता. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, दोन भाषणं झाली. बाहेर मांडवात भोजनदानाची पातेली चुलीवर होती. पार्टीनं गाणी म्हटली. मग शेवटी मी सतरंजीवर मांडी घालून व्हायोलिन सावरलं. माझ्या उजव्या हाताला हे पेटी घेऊन. समोर सासूबाईंचा फोटो आणि फोटोसमोर, सगळ्यात पुढे, ती मावशी.

पहिलं कडवं ठरल्याप्रमाणे गेलं. काळी दोन आली, मी बोट पुढे नेलं, सूर पेटीत विरघळला. लोक शांतपणे ऐकत होते. लोकांना गाणं ओळखीचं वाटलं, एवढंच. मागच्या दोन बायका हळू आवाजात काहीतरी बोलतही होत्या. मला रडू येईल असं वाटलं, ते दुःखानं नाही, रागानं. सासूबाईंच्या गाण्यात कुणी बोलायची हिंमत केली नव्हती.

दुसऱ्या कडव्यात मी काही ठरवलं नव्हतं. 'लेकरा'ची जागा आली आणि करंगळी मागे गेली, जिथं तिला जायचं होतं तिथं. पेटी जागच्या जागी. कुरकुर सगळ्या विहारात घुमली. मावशीनं मान वर केली. भर कार्यक्रमात, ह्यांच्या आईच्या दिवशी, मी ह्यांचं ऐकलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. खाली पट्ट्यांकडे बघत होते, कपाळाला आठी घालून, अवघड गणितापुढे बसावं तसे.

तिसरं कडवं सुरू झालं. आता काय करायचं ते मला कळेना. ह्यांच्यासाठी पुढे सरकायचं, की सासूबाईंसाठी मागे? ती जागा आली. आणि पेटीतून नुसता सा येत राहिला. ह्यांनी सा धरून ठेवला होता आणि काळी दोनवरचं बोट उचललं होतं. भाता अगदी हलका, श्वास घ्यावा इतकाच. त्या रिकाम्या जागेत माझा एकटीचा सूर उतरला, वाकला आणि सावर येऊन टेकला. मावशीच्या तोंडून नकळत "लेकरा" असं निघालं. तो शब्द तिनं गायला नाही, नुसता म्हटला. मागच्या बायका गप्प झाल्या होत्या.

शेवटचं कडवंही तसंच गेलं. प्रत्येक वेळी ती जागा आली की पेटी बाजूला व्हायची.

माणसं जेवायला उठली. मी व्हायोलिन केसमध्ये ठेवत होते. हे तिथंच बसून होते, पेटीचं झाकणही लावलं नव्हतं. मावशी काठी टेकत जवळ आली.

"मास्तर, पेटीला काय झालं रं? मधीच गप व्हायची. काय बिघडलीबिघडली का काय?"

"न्हाई मावशे, बिघडली नाय," हे म्हणाले. शाळेतलं बोलणं सोडून लहानपणच्या बोलण्यात. "आईचा त्यो सूर माज्या पेटीत न्हाई. कवाच नव्हता."

एवढं बोलले आणि पट्ट्यांवर दोन्ही हात पसरून, त्यावर कपाळ टेकून हे रडायला लागले. भात्यात राहिलेली हवा सगळ्या पट्ट्यांतून एकदम बाहेर आली, भलताच बेसूर आवाज झाला आणि मांडवातल्या माणसांनी वळून पाहिलं. मी काही ह्यांना उठवलं नाही.